दम धरणारं भात

माझं आजोळ रायगड जिल्ह्यातलं, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी एका जुलैत तिथं पाऊस नुसता कोसळत होता. वरून उधाणाची भरती, त्यामुळे आठवडाभर शेतातलं पाणी हललं नाही. नुकतीच लावणी झालेली खाचरं दिसेनाशी झाली होती. पाणी उतरलं तेव्हा मी मामाच्या मागोमाग बांधावर गेलो. लावताना वीतभर असलेलं आवण आता चांगलंच लांब झालं होतं. मी ओरडलो, "मामा, भात वाढलं!" मामाने एक रोप दोन बोटांत धरून उचललं. ते ओल्या दोऱ्यासारखं लोंबलं. "ही वाढ नाय रे," तो म्हणाला, "तडफड हाय ती."

पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना हेच वाक्य बरंच लांबवून आणि जड करून लिहिलेलं सापडलं.

भाताला पाणी आवडतं हे खरं, पण पाय पाण्यात आणि डोकं बाहेर असेल तोवरच. पानाचं टोक हवेत असलं की तिथून आतल्या पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत हवा पोचते. अख्खं रोप बुडालं की ती वाट बंद होते. वायू हवेत जितक्या सहज पसरतात त्यापेक्षा पाण्यात साधारण दहा हजार पट हळू पसरतात. प्राणवायू आत येत नाही, कार्बन डायऑक्साइड पुरेसा मिळत नाही, गढूळ पाण्यातून ऊनही धड पोचत नाही. थोडक्यात, चूल विझते आणि डब्यात असेल तेवढ्यावर दिवस काढायचे. त्याचवेळी आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक झाड थोडाथोडा इथिलीन वायू सोडत असतं. एरवी तो उडून जातो, पण पाण्याखाली तो झाडातच कोंडतो. आंब्याची अढी घालताना आपण नेमकं हेच करतो. गवतात, बंद खोलीत आंबे ठेवतो, त्यांनीच सोडलेला इथिलीन कोंडतो आणि तो त्यांना पिकवतो. आंब्याला या वायूचा निरोप मिळतो 'पिक'. बुडालेल्या भाताला मिळतो 'तू पाण्याखाली आहेस'.

हा निरोप मिळाल्यावर साधं भात काय करतं? जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर वाढवतं. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार मणी फुगवायला आणि लांबवायला ज्याला नुसतं 'जीए' म्हणतात, तेच हे. जीएचा जोर वाढला की पेशी लांबतात, रोप वर धावत सुटतं, कसंही करून डोकं पाण्याबाहेर काढायला बघतं. पाणी हातभर असेल आणि दोन दिवसांत उतरणार असेल तर डाव साधतो. खोल असेल तर धावण्यात साठवलेली सगळी साखर आणि पिठूळ, म्हणजे स्टार्च, संपतं. पाणी उतरतं तेव्हा उरतो तो लांब, फिकट, ताकद नसलेला दोरा. मामाच्या बोटांत लोंबत होता तो.

आता ओडिशात जाऊ. तिथल्या सखल पट्ट्यात पूर ही दरवर्षीची गोष्ट, आणि शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक भात होतं, ढालपुटिया नावाचं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातून निवड करून एक वाण काढला गेला. त्याचं नाव अगदी सरकारी थाटाचं होतं, एफआर १३ए. एफआर म्हणजे पूर सोसणारं. हे भात दोन आठवडे पूर्ण बुडून राहिलं तरी पाणी उतरल्यावर नव्याने फुटवे काढायचं. शास्त्रज्ञांना त्याचं आकर्षण होतंच, पण संकर करून बघितले तर उत्पन्न कमी, दाणा नको तसला. पूर सोसण्याचा गुण नेमका कुठं बसलाय हे कळेपर्यंत बाकीचे नको ते गुणही सोबत यायचे.

१९९६ साली केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल या शास्त्रज्ञांनी हा गुण भाताच्या ९व्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या पट्ट्यापर्यंत आणून ठेवला. पुढची दहा वर्षं त्या पट्ट्यातलं नेमकं जनुक शोधण्यात गेली. २००६ मध्ये शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि सहकाऱ्यांनी ते जाहीर केलं. त्याचं नाव 'सब१ए', बुडण्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचं लघुरूप.

आणि इथून गोष्ट रंगते. त्या पट्ट्यावर एकसारखी दिसणारी तीन जनुकं शेजारीशेजारी आहेत, सब१ए, सब१बी आणि सब१सी. बी आणि सी सगळ्या भातांत सापडतात. ए मात्र काही भातांत आहे आणि काहींत नाहीच. नाही म्हणजे बिघडलेलं किंवा झोपलेलं नव्हे, ती जागाच रिकामी. जपानकडच्या जपोनिका भातांत ते नाही, आपल्याकडच्या इंडिका आणि औस गटांतल्या काहींत आहे. जनुक नवं की जुनं हे ओळखायची रीत हीच. सगळ्या भावकीत जे आहे ते जुनं, एकाच घरात सापडतं ते बहुधा नंतर आलेलं. आणि ए आणि बी यांची अक्षरं पडताळली की दिसतं, ए ही बीचीच नक्कल आहे, मग थोडी बदललेली.

नक्कल होते कशी? बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या समोरासमोर लागतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. घाईत शर्ट घालताना एक बटण वरच्या काजात गेलं की खाली एक काज उरतं, तसं इथं होतं. जोडी एक घर सरकून लागली तर एका बाजूला एक जनुक जास्त जातं, दुसरीकडे एक कमी पडतं. झाडांत तर कधीकधी अख्खा संचच दुप्पट होतो. खपली गव्हात गुणसूत्रांचे चार संच असतात, रोजच्या पोळीच्या गव्हात सहा. माणसाची जनुकं सुमारे वीस हजार, तर भाताची चाळीस हजारांच्या आसपास. त्यांतली पुष्कळशी असल्या नकलांच्या पोटीच आलेली.

नक्कल झाल्याने होतं काय, हे मला कोकणातल्या घरांवरून चटकन कळतं. थोरला घरची शेती बघतो, म्हणून धाकट्याला मुंबईला जाऊन नशीब आजमावता येतं. एकुलता एक असता तर त्याला बांधावरून हलताच आलं नसतं. जनुकाचंही तसंच. एकुलत्या जनुकात बिघाड झाला तर झाडाचं रोजचं काम अडतं आणि तो बदल टिकत नाही. दोन प्रती असल्या की एक जुनं काम सांभाळते आणि दुसरी मोकळी राहते, चुकायला आणि काही नवं जमतं का बघायला. सुसुमु ओहनो या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली ही कल्पना ठामपणे मांडली. पण मुंबईला गेलेल्या प्रत्येकाचं नशीब उघडत नाही. बहुतेक नकला कालांतराने मोडतात, वाचता न येणाऱ्या भंगारासारख्या गुणसूत्रात पडून राहतात किंवा पुसल्या जातात. सब१ए हा गिरणीत कायम झालेला धाकटा.

त्याच्यातला फरक तरी किती? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. सब१ए ज्या भातांत आहे त्या सगळ्यांना पूर सोसत नाही, कारण त्याच्याही दोन तऱ्हा आहेत. तगणाऱ्या तऱ्हेत १८६व्या जागी सेरीनचा मणी, न तगणाऱ्या तऱ्हेत तिथंच प्रोलीन. शिवाय तगणाऱ्या भातात बुडाल्यावर हे जनुक जोरात चालू होतं. एक मणी आणि आवाज मोठा, एवढ्यावर एकाचं शेत उभं राहतं आणि शेजाऱ्याचं कुजतं.

हे धाकटं जनुक काम करतं ते असं. कोंडलेला इथिलीन त्याला जागं करतो, म्हणजे ज्या निरोपाने साधं भात धावतं त्याच निरोपाने हे उठतं. उठून ते जीएच्या वाटेवरचा ब्रेक दाबतं. जीएचा हुकूम दाबून धरणारी एसएलआर१ आणि तिच्यासारखी आणखी एक अशी दोन प्रथिनं ते साठू देतं. मग लांबणं थांबतं, साखर वाचते, पानातलं हरितद्रव्यही सावकाश मोडतं. रोप गप्प बसतं. मराठीत 'दम धरणे' याचे दोन अर्थ आहेत, श्वास रोखणं आणि धीर धरणं. हे भात एकाच वेळी दोन्ही करतं, आणि मला तरी याहून नेमका शब्द कुठल्या शोधनिबंधात दिसलेला नाही.

पाणी उतरल्यावर संकट संपतं असंही नाही. अनेक दिवस पाण्यात राहिलेली पानं अचानक उन्हात आली की भराभर सुकतात, चहूकडे चिखल असूनही. २०११ साली बेली-सेरेस यांच्याच गटाने दाखवलं की सब१ए असलेली रोपं ही सुकही जास्त सोसतात, आणि नुसता दुष्काळ दिला तरी त्यातूनही बऱ्यापैकी सावरतात. पुरासाठी नावाजलेलं जनुक कोरड्यातही उपयोगी पडतं, हे कळल्यावर मला मामाच्या तोंडची "पाऊस नाय तर सुका, दोन्ही आपल्याच वाट्याला" ही तक्रार आठवली.

पण गप्प बसणं हाच पुरावरचा एकमेव शहाणपणा समजू नका. बांगलादेशात आणि आसामच्या काही भागांत पाणी आठवडाभर नाही, महिनोन्‌महिने राहतं आणि काही मीटर चढतं. तिथं दम धरून बसणारं भात मरणारच. तिथली खोल पाण्यातली भातं उलट करतात, पाण्याच्या सोबत वर चढतात, आणि तेही दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर. आज सकाळी मोजून ठेवा, उद्या सकाळी एक वीत जास्त. २००९ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या मोतोयुकी आशिकारी यांच्या गटाने यामागची दोन जनुकं शोधली आणि त्यांना 'स्नॉर्केल' हे नाव दिलं, पाण्याखाली पोहणारा ज्या नळीने श्वास घेतो तिचं. ही दोन्ही सब१एच्याच घराण्यातली. त्यांनाही इथिलीनच उठवतो, तीही जीएच्या वाटेवरच जाऊन काम करतात आणि साध्या भातात तीही नसतात. फक्त ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतात. साधं भातही धावतंच, पण ते नुसतं पान ताणतं. स्नॉर्केलवालं कांडी वाढवतं, उसासारखी पोकळ पेरं, आणि त्यातून हवा खाली पोचवतं.

याच कामात गुंतलेलं आणखी एक जनुक २०१८ साली पुढे आलं, त्याचं नाव एसडी१. जीए तयार करण्याच्या कामात ते असतं आणि खोल पाण्याच्या भातात ते जोरात चालतं. गंमत म्हणजे हेच जनुक मोडलेलं असलं की भात बुटकं राहतं, आणि हरितक्रांतीतलं आयआर ८ हे बुटकं वाण याच मोडक्या जनुकावर उभं होतं. बुटकं भात खत घालूनही लोळत नाही म्हणून पन्नास वर्षं त्याचा जयजयकार झाला. पुराच्या पट्ट्यात तेच बुटकेपण अंगाशी येतं.

नकलेचा आणखी रांगडा उपयोग म्हणजे वेगळं काही न शिकता नुसती संख्या वाढवणं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कपाशीच्या शेतांत माठाच्या कुळातलं एक तण ग्लायफोसेट फवारूनही मरेना. हे तणनाशक झाडातल्या एका एन्झाइमला बांधून ठेवतं. २०१० साली तपासलं तर त्या एन्झाइमच्या जनुकाच्या नकला काही झाडांत पाचपट, तर काहींत १६०पटीहून जास्त निघाल्या. जेवढं विष घालाल तेवढं एन्झाइम उरूनच पुरतं. पुढे दिसलं की त्यांतल्या बऱ्याच नकला गुणसूत्रावरही नसून वेगळ्या गोल तुकड्यांवर फिरत असतात. हे सगळं शेतकऱ्याच्या एका हयातीत घडलं. उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षांपूर्वीचं काही, ही समजूत या तणाने मोडली. अल्जीरियातल्या एका जुन्या जवाने बोरॉन जास्त असलेल्या जमिनीत हाच मार्ग धरला होता, बोरॉन बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या जनुकाच्या साधारण चार प्रती.

इथपर्यंतची नवी जनुकं जुन्यांच्या नकलांतून आली. काहीच नसलेल्या जागेतून जनुक उगवू शकतं का? फ्रान्स्वा जाकोब या नोबेल विजेत्या जीवशास्त्रज्ञाने १९७७ साली लिहिलं होतं की अमिनो आम्लं आपोआप जुळून उपयोगी प्रथिन नव्याने तयार होण्याची शक्यता जवळपास शून्य. निसर्ग जुन्या सामानातून जुगाड करतो, हे त्याचं मत. जुगाडाबद्दल तो बरोबर होता, शून्याबद्दल नव्हता. डीएनएचे मोठे पट्टे कुठलंही प्रथिन बनवत नाहीत, पण पेशी त्यांतले काही उगाच थोडेफार वाचत राहते. एखाद्या पट्ट्यात चारदोन अक्षरं बदलून 'इथून सुरू' आणि 'इथं थांब' या खुणा योग्य अंतरावर पडल्या, की एक छोटंसं प्रथिन तयार व्हायला लागतं. बहुतेकदा ते निरुपयोगी, कधी अपायकारक. क्वचित एखादं उपयोगी ठरतं आणि टिकतं. २०१९ साली शिकागो विद्यापीठातले मानयुआन लाँग आणि सहकाऱ्यांनी भात आणि त्याची जंगली भावंडं ताडून पाहिली. गेल्या सुमारे ३४ लाख वर्षांत निदान १७५ जनुकं अशी ओसाड जागेतून उगवल्याचं त्यांना दिसलं.

यांतलं नीट अभ्यासलेलं उदाहरण मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या झाडाचं. त्यात क्यूक्यूएस नावाचं जनुक आहे, अवघ्या ५९ मण्यांची माळ, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांतही तसं काही नाही. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या ईव्ह वुर्टेली यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की ते दाबलं तर पानात पिठूळ जास्त साठतं. ते एका जुन्या, सगळ्या झाडांत असणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि किती पिठूळ, किती प्रथिनं याचं गणित हलवतं. झाडावर ताण आला की त्याचं काम कमीजास्त होतं. सोयाबीनमध्ये घातलं तर तिथंही प्रथिनं वाढतात, म्हणजे नवखा जुन्या घरात सहज मिसळतो.

असली नवखी जनुकं ताणाच्या कामातच वारंवार का दिसतात, याचं मला पटणारं उत्तर साधं आहे. श्वास, प्रकाशसंश्लेषण, पेशी दुभंगणं ही कामं जुन्या जनुकांकडे आहेत आणि तिथं हात लावायला जागा नाही. पूर, खार, कीड, उष्णता ही प्रसंगाने येणारी, गावागणिक वेगळी संकटं. तिथं नवख्याला कडेला बसता येतं. प्रसंग आला तर उठायचं, नाहीतर कुणाच्या पायात यायचं नाही. आणि झाडाला पळून जाता येत नाही हे आहेच.

तिसरी वाट उसनवारीची. २०१९ साली जमिनीवरच्या झाडांच्या जवळच्या नात्यातल्या दोन शेवाळांच्या जनुकसंचांवरून असं मांडलं गेलं की, कोरडं सोसायला मदत करणारी जनुकांची काही घराणी झाडांच्या पूर्वजांना मातीतल्या जिवाणूंकडून मिळाली असावीत. त्यांत एक घराणं 'ग्रास' नावाचं आहे. सब१ए ज्या एसएलआर१चा ब्रेक दाबतं, ती याच घराण्यातली. म्हणजे ओडिशातल्या पुरात जो ब्रेक कामी आला, तो कधीकाळी जिवाणूंकडून उसना आणलेला असण्याची बरीच शक्यता आहे.

सब१ए सापडल्यावर ते शेतात पोचायला फार काळ लागला नाही. आंध्रातल्या मारुतेरू इथून आलेलं स्वर्णा हे पूर्व भारतातलं लाडकं वाण. त्याचा एफआर १३एच्या वंशातल्या भाताशी संकर केला, आणि संततीचा पुन्हापुन्हा स्वर्णाशीच संकर करत, प्रत्येक पिढीत सब१ए आलंय का हे डीएनएच्या खुणांवरून तपासत गेले. बाहेरून जनुक टोचलेलं नाही, साधा पण डोळसपणे केलेला संकर. २००९ साली भारतात स्वर्णा-सब१ हे वाण आलं. स्वर्णाचं टरफल सोनेरी असतं, त्यावरूनच नाव. पण सब१एच्या अगदी शेजारी टरफलाचा सोनेरी रंग घालवणारं जनुक बसलेलं आहे, ते सोबत आलं. त्यामुळे स्वर्णा-सब१चं टरफल गवती पिवळं. बाकी चव, दाणा, उत्पन्न तेच. ओडिशातल्या शेतांवरच्या चाचण्यांत दहा दिवस बुडालेल्या शेतात त्याने आधीच्या लोकप्रिय वाणापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त धान्य दिलं. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. सर्वांत सखल, सर्वांत आधी बुडणाऱ्या जमिनी अनुसूचित जातींच्या वाट्याला आलेल्या आहेत, म्हणून या बियाण्याचा लाभ त्यांना जास्त होतो. कुणाला कुठली जमीन मिळाली हा इतिहास बियाण्यातही डोकावतो.

त्याच्या मर्यादाही आहेत. पाणी गढूळ आणि कोमट असेल तर दोन आठवडे निभत नाही. गुडघाभर पाणी महिनाभर तुंबून राहिलं तर हा दम धरणारा स्वभावच आड येतो, कारण तिथं थोडं उंच होणं भाग असतं. पेरल्यापेरल्या दाणा बुडाला तर सब१ए काहीच करत नाही.

मागच्या वर्षी हे सगळं मामाला सांगितलं. ऐंशीच्या पुढे आहे, पण ऐकलं शांतपणे. गवती टरफलाची गोष्ट त्याला आवडली. मग म्हणाला, "सगळा ठीक. पन आपल्याकडं पानी खारा येतो, त्याचा काय?"

त्याला सब१ए लागू पडत नाही, हे मी खरंखरं सांगितलं. मामाने मान हलवली, काठी घेतली आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीची फळी नीट बसलीय का ते बघायला बांधावर निघून गेला.